पीटरची चूक पीटरपाशीच राहू द्या: स्पायडर-मॅनच्या निर्मात्यांना खुलं पत्र

श्री. केविन फायगी आणि श्रीमती एमी पास्कल यांस,



2002 ते 2016 या चौदा वर्षांत पीटर पार्कर मोठ्या पडद्यावर तीन वेळा नव्यानं जन्माला आला. पहिल्या दोन्ही वेळा त्याचे बेनकाका मेले. तिसऱ्या वेळी, 'कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर'पासून, आपण ते मरण दाखवलं नाही, काकांचं नावही घेतलं नाही आणि त्यांच्या जागी टोनी स्टार्कला आणून उभं केलं. नायकाला ज्यानं घडवलं तो माणूसच बदलावा का, हा वाद तेव्हापासून धुमसतो आहे. एक बाजू म्हणते, बेनकाकांशिवाय स्पायडर-मॅन नाहीच. दुसरी म्हणते, तेच रडगाणं किती वेळा ऐकायचं. मला वाटतं, दोन्ही बाजू चुकीच्या माणसावर भांडत आहेत. गुरू बदलायला माझी हरकत नाही. पण गुरू बदलताना आपण पीटरची चूकही त्याच्याकडून काढून घेतलीत, आणि ती परत करावी एवढ्यासाठी हे पत्र आहे.

बेनकाका मुळात किती होते, हे आधी पाहायला हवं. ऑगस्ट 1962च्या 'अमेझिंग फँटसी'च्या पंधराव्या अंकात स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी सांगितलेली ती गोष्ट अवघ्या अकरा पानांची आहे. त्यात काका मोजक्याच चौकटींत दिसतात. पुतण्यावर जीव असलेला एक प्रेमळ म्हातारा, याहून अधिक आपल्याला त्यांच्याबद्दल काही कळत नाही. सामर्थ्य आणि जबाबदारी यांची सांगड घालणारं जे वाक्य आज जगभर त्यांच्या नावावर खपतं, ते त्या अंकात त्यांच्या तोंडी नाही. शेवटच्या चौकटीत, पीटर पाठमोरा चालत जात असताना, निवेदकानं ते लिहिलं आहे. नंतरच्या लेखकांनी ते काकांच्या तोंडी घातलं. म्हणजे आज ज्या गुरूला हात लावू नका असं चाहते म्हणतात, तो गुरू बऱ्याच अंशी पुढच्या पिढ्यांनी घडवलेला आहे. त्यामुळे मूळ कथेच्या पावित्र्याचा मुद्दा मी इथं मांडणार नाही. तो टिकणारा नाही.

मग त्या अकरा पानांत पहिल्यापासून पक्कं काय होतं? एक पोरगा दूरदर्शनच्या स्टुडिओत उभा आहे. अंगात नुकतं बळ आलेलं आहे, त्यातून पैसा आणि नाव मिळू लागलं आहे. समोरून एक चोर पळत जातो, मागून पोलीस ओरडतो आहे. पोराला फक्त हात आडवा घालायचा असतो. तो घालत नाही. आपल्याला काय त्याचं, म्हणून बाजूला होतो. पुढं त्याच चोराच्या हातून त्याचे काका स्वतःच्या घरात मारले जातात, आणि मारेकऱ्याचा चेहरा उजेडात आला की पोराला ओळख पटते. या कथेत शिकवणारं जे काही आहे ते या ओळखीच्या क्षणात आहे. काका जे बोलले त्यापेक्षा पीटरनं जे केलं नाही, त्यानं पीटर घडला. स्वतःच्या हातून राहून गेलेली गोष्ट हाच त्याचा खरा गुरू, आणि काका ही त्या शिकवणीची किंमत.

सॅम रायमी यांना 2002मध्ये हे नेमकं समजलं होतं. त्यांनी क्लिफ रॉबर्टसन यांच्यासारख्या ऑस्करविजेत्या नटाला काकांच्या भूमिकेत घेतलं आणि चार-दोन चौकटींतल्या म्हाताऱ्याला संसार दिला, पोटापाण्याची काळजी दिली. हे बेनकाका पस्तीस वर्षं इलेक्ट्रिशियनचं काम करून अडुसष्टाव्या वर्षी कामावरून कमी झालेले आहेत. वर्तमानपत्रात नोकरीच्या जाहिराती चाळतात, चष्मा पुसून पुन्हा चाळतात. असा माणूस गाडीत बसून पुतण्याला जबाबदारीबद्दल सांगतो तेव्हा त्या शब्दांना वजन येतं, कारण सामर्थ्य नसतानाही त्यानं जबाबदारी निभावलेली आहे. पीटर त्यांना दुखावणारं बोलून गाडीतून उतरतो. मग कुस्तीचा आयोजक त्याला तीन हजारांऐवजी शंभर डॉलर टेकवतो आणि लगेच त्याच आयोजकाला लुटून पळणाऱ्या चोराला पीटर वाट करून देतो. इथं रायमींनी मूळ गोष्टीत एक बारीक, फार मोलाची भर घातली. 1962चा पीटर बेफिकीर होता. 2002चा पीटर दुखावलेला आहे, त्याच्यावर खरोखर अन्याय झाला आहे आणि चोराला सोडण्यात त्याला न्याय वाटतो. प्रेक्षकालाही वाटतो. म्हणून पुढच्या दहा मिनिटांत काका रस्त्यावर पडलेले दिसतात तेव्हा प्रेक्षकही त्या चुकीत सामील असतो.

ही वीण पहिल्यांदा उसवली ती रायमींच्याच हातून, हे दुःखानं नमूद करावं लागतं. 2007च्या तिसऱ्या भागात कळतं की गोळी त्या चोरानं झाडलीच नव्हती. ती फ्लिंट मार्को नावाच्या, आजारी मुलीसाठी पैसे जमवणाऱ्या माणसाच्या पिस्तुलातून सुटली. मार्कोला क्षमा करण्याचा प्रसंग मनाला भिडतो, मी तो नाकारत नाही. पण त्या क्षमेसाठी पीटरच्या अपराधाचा दुवा सैल करावा लागला. दुसऱ्याला माफ करणारा पीटर स्वतःला माफ न करू शकणाऱ्या पीटरपेक्षा लहान आहे.

2012मध्ये मार्क वेब यांनी सुरुवात उत्तम केली होती. दुधासाठी दोन सेंट कमी पडतात, दुकानदार अडवतो, चोर गल्ल्यावर डल्ला मारून जाताजाता दुधाची बाटली पीटरकडे फेकतो आणि पीटर ती झेलून उभा राहतो. मार्टिन शीन यांचे काका रुसून घराबाहेर पडलेल्या पुतण्याला शोधायला निघालेले असतात, म्हणूनच त्या चोराच्या वाटेत येतात. इतकं सगळं जुळून आल्यावर कथेनं काय केलं? मारेकऱ्याचा शोध मध्येच सोडून दिला आणि पीटरच्या हरवलेल्या वडिलांचं गुपित पुढं आणलं. 2014च्या भागात तर असं निघालं की रिचर्ड पार्कर यांनी स्वतःच्याच रक्ताचा अंश त्या कोळ्यांमध्ये वापरला होता, त्यामुळे हे बळ फक्त त्यांच्या वंशातल्याच माणसाला लाभू शकलं असतं. हे वाचताना साधी गोष्ट वाटेल, पण तिच्यामुळे पायाच बदलतो. कोळी कुणालाही चावू शकला असता, हे स्पायडर-मॅनचं सगळ्यात लोकशाहीवादी वैशिष्ट्य. तिथं रक्ताचा वारसा आला की काकांनी वाढवलेला क्वीन्समधला पोरगा संपतो आणि घराण्याचा वारस सुरू होतो. घडवणारा माणूस बदलला की नायकाला काय हवं आहे तेही बदलतं, याचा हा धडधडीत पुरावा.

आता आपल्या पीटरकडे येते. टोनी स्टार्क हा गुरू म्हणून वाईट लिहिलेला नाही. उलट, स्वतः शस्त्रं विकून श्रीमंत झालेला आणि त्या पापाची भरपाई करू पाहणारा माणूस पोराला सांभाळताना चाचपडतो, हे रॉबर्ट डाउनी ज्युनिअर यांनी जिवंत केलं आहे. पण तो देतो काय? पोशाख, यंत्रं, चष्मा, ॲव्हेंजर्समध्ये जागा मिळण्याची आशा. 2017च्या 'होमकमिंग'मधला पीटर अर्धा चित्रपट टोनीचा माणूस हॅपी होगन याच्या निरोपाची वाट पाहण्यात घालवतो. त्याची धडपड मोठ्या लोकांत आपली गणना व्हावी यासाठी आहे. आणि गुरू इतका मोठा की शिष्याचे शत्रूही त्याच्याच नावाचे. एड्रियन टूम्सचं कंत्राट गेलं ते स्टार्कचा सहभाग असलेल्या सरकारी खात्यामुळे. क्वेंटिन बेक हा स्टार्ककडून अपमानित झालेला जुना नोकर. पीटर दोन चित्रपट दुसऱ्याची देणी फेडतो आहे.

दोन दृश्यं शेजारी ठेवली की हा फरक डोळ्यांत भरतो. फेब्रुवारी 1966, 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चा तेहतिसावा अंक. पीटर लोखंडी यंत्राच्या प्रचंड धुडाखाली अडकला आहे. वरून पाणी गळतं आहे. समोर, हात पोचणार नाही इतक्याच अंतरावर, औषधाची कुपी पडली आहे आणि तिकडे इस्पितळात मेकाकू शेवटच्या घटका मोजत आहेत. डिट्को यांनी पानांमागून पानं त्या एका प्रयत्नाला दिली आहेत. चौकटी हळूहळू मोठ्या होत जातात आणि ते ओझं कणाकणानं उचललं जातं. मधेच त्याच्या डोळ्यांसमोर काका आणि काकू उभे राहतात. काकांच्या वेळी आपण कमी पडलो, काकूंच्या वेळी पडायचं नाही, या एका विचारावर तो उठतो. एकावन्न वर्षांनी आपण हेच दृश्य मानवंदना म्हणून 'होमकमिंग'मध्ये घेतलंत. टॉम हॉलंडचा पीटर ढिगाऱ्याखाली आहे, मदतीसाठी हाका मारतो, रडतो. तो प्रसंग हॉलंड फार सच्चेपणानं करतो. मग साचलेल्या पाण्यात त्याला अर्धा स्वतःचा चेहरा आणि अर्धा मुखवटा दिसतो, आणि टोनीचे शब्द आठवतात: पोशाखाशिवाय तू काहीच नसशील, तर तू त्या पोशाखाच्या लायकीचा नाहीस. तो उठतो. दोन्ही पीटर तेवढंच वजन उचलतात. पण पहिला कुणाला तरी वाचवायला उठतो आणि दुसरा आपली लायकी सिद्ध करायला. टोनीच्या जागी कितीही भला माणूस असता तरी हेच झालं असतं, कारण या पीटरच्या पाठीशी निस्तरायची अशी चूकच नाही. चूक नाही म्हणून ऋण नाही, आणि ऋण नाही म्हणून उरते ती परीक्षा.

आता हे पत्र मराठीत का, ते सांगते. आपल्या दालनात मुंबईचा एक स्पायडर-मॅन आहे. 2004मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी 'स्पायडर-मॅन: इंडिया' ही चार अंकांची मालिका काढली आणि पवित्र प्रभाकर हा खेड्यातून मुंबईत शिकायला आलेला मुलगा उभा केला. त्यांनी जवळपास सगळं बदललं. न्यूयॉर्क गेलं, प्रयोगशाळा गेली, कोळ्याचा दंश गेला. बळ दिलं ते एका योग्यानं. बेनच्या जागी भीमकाका आले, मेच्या जागी मायाकाकू. गुरूचे सरळ दोन तुकडे झाले: शक्ती देणारा एक आणि शहाणपण देणारा दुसरा. तरीही ती गोष्ट वाचताना क्षणभरही शंका येत नाही की हा स्पायडर-मॅन आहे. कारण एका बाईला काही गुंड घेरतात, पवित्र मदतीला न जाता पुढं निघून जातो, आणि तिची हाक ऐकून धावलेले भीमकाका मारले जातात. योग्याच्या मंत्रानं जे झालं नाही ते या एका न थांबण्यानं झालं. मुंबईत राहणाऱ्या कुणालाही हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. रस्त्यावर काहीतरी घडतं आहे आणि आपण चालत राहतो, हा प्रश्न या शहराला दररोज पडतो.

माइल्स मोरालेस या दुसऱ्या स्पायडर-मॅनचंही तसंच. 2011मध्ये तो कॉमिक्समध्ये आला तेव्हा त्याला घडवणारा माणूस काका नव्हता, तर ज्याच्याशी धड ओळखही नव्हती असा मेलेला पीटर पार्कर होता. माइल्सला बळ आधीच आलेलं होतं, तो गप्प राहिला, आणि आपण पुढं झालो असतो तर पीटर वाचला असता का, हा सल घेऊन त्यानं मुखवटा चढवला. वंश वेगळा, घर वेगळं, आईवडील हयात, गुरू वेगळा. चूक तीच. म्हणूनच, गोऱ्या म्हाताऱ्या काकांना कायम ठेवण्याचा हट्ट म्हणजे जुन्या अमेरिकेचा हट्ट, असं जे म्हणतात त्यांच्याशी माझं भांडण नाही. काकांना बदला. काकूला, आजीला, शेजाऱ्याला, शाळेतल्या शिपायाला ती जागा द्या.

यावर आपल्या बाजूनं जे म्हणता येईल त्याचा विचार करायला हवा. पहिलं म्हणणं असं की दहा वर्षांत दोनदा दाखवलेलं मरण तिसऱ्यांदा दाखवणं म्हणजे प्रेक्षकाची परीक्षा पाहणं. हे अगदी बरोबर आहे, आणि मरण दाखवा असं मी म्हणतच नाही. उत्तर आपल्याच 'सिव्हिल वॉर'मध्ये आहे. क्वीन्समधल्या त्या छोट्या खोलीत टोनी विचारतो की तू हे का करतोस, आणि पीटर अडखळत, कुणाचंही नाव न घेता सांगतो की करता येत असून केलं नाही आणि मग वाईट घडलं तर ते आपल्यामुळे घडतं. एक मिनिटही लागत नाही. त्या पोराच्या चेहऱ्यावर अख्खा 1962चा अंक आहे. माझी तक्रार इतकीच की त्या मिनिटाचं पुढं काहीच झालं नाही. 2019च्या 'फार फ्रॉम होम'मध्ये एका सूटकेसवर बेनकाकांची आद्याक्षरं तेवढी दिसतात, आणि पीटरचं सगळं दुःख मात्र भिंतींवरच्या टोनीच्या चित्रांकडे वळतं.

दुसरं म्हणणं अधिक वजनदार आहे. 2021च्या 'नो वे होम'मध्ये आपण ती जागा मेकाकूंना दिलीत. चाळीस-पन्नास वर्षं जिला औषधाच्या बाटल्यांशेजारी बसवून ठेवलं होतं ती बाई शिकवणारी झाली, ते प्रसिद्ध वाक्य तिच्या तोंडी आलं आणि मरिसा टोमे यांनी ते उपदेशासारखं न म्हणता जाताजाता म्हटलं. हा बदल मला मनापासून आवडतो. पण त्या मरणाचा हिशेब करून पाहा. पीटरनं डॉक्टर स्ट्रेंजच्या मंत्रात ढवळाढवळ केली, ही त्याची चूक खरी. काकू मात्र त्या चुकीपायी जात नाहीत. शत्रूंना परत मरायला पाठवण्याऐवजी बरं करावं, असं त्यांनीच सांगितलं म्हणून पीटर तसं करायला जातो आणि त्यात त्यांचा बळी जातो. चांगुलपणाची किंमत मोजावी लागते, ही शिकवण मोठी आहे. परंतु ती घडलेल्या माणसाला लागू पडते. तोवर हा पीटर पाच चित्रपटांतून आलेला, जगासाठी लढलेला मुलगा आहे. काकूंच्या जाण्यानं तो मोडतो, घडत नाही.

तिसरं म्हणणं 2023च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'नं मांडलं, आणि श्रीमती पास्कल, तो चित्रपटही आपल्याच निर्मितीतला आहे. त्यातला मिगेल ओ'हारा बजावतो की प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात ठरलेलं दुःख यायलाच हवं. पवित्रच्या शहरात, मुंबॅटनमध्ये, त्याच्या जवळच्या इन्स्पेक्टर सिंगांना माइल्स वाचवतो आणि जग उसवू लागतं. मीही मिगेलसारखंच बोलते आहे का? नाही. मिगेलला मरण हवं आहे, आणि त्याला नकार देणारा माइल्स बरोबर आहे. गुरू मेलाच पाहिजे असं कुठं आहे? जेम्स गन यांच्या 2025च्या 'सुपरमॅन'मध्ये त्याला वाढवणारे जोनाथन केंट जिवंत आहेत आणि मुलाला सांभाळून घेतात. 2013च्या 'मॅन ऑफ स्टील'मध्ये तेच केंट वावटळीत मरतात, तेही मुलाला जागीच थांबायला सांगून. जिवंत केंटनी मुलाला अधिक दिलं. मी मागते आहे ते मरण नसून नायकाचा स्वतःच्या चुकीवरचा हक्क आहे.

राहिला कथाकाराच्या स्वातंत्र्याचा मुद्दा. आमच्याकडे कर्णाची कथा कीर्तनात, नाटकात, कादंबरीत असंख्य वेळा नव्यानं सांगितली गेली. कुणी त्याला दानशूर केलं, कुणी उपेक्षित, कुणी मित्रासाठी वाया गेलेला. पण परशुरामाशी तो जे खोटं बोलला आणि त्यापायी जो शाप आला, ते वगळून कर्ण उभा करता येत नाही. स्वातंत्र्य भरपूर आहे. ते त्या एका गोष्टीच्या भोवतीनं आहे.

'नो वे होम'च्या अखेरीस पीटर भाड्याच्या खोलीत एकटा आहे, जग त्याला विसरलं आहे आणि पोशाख त्यानं स्वतः शिवला आहे. स्टार्कचं काही उरलेलं नाही. तिथून पुढं काय करायचं ते आपण ठरवालच. पण कधीतरी हॉलंडही हा मुखवटा उतरवेल आणि आपण पुन्हा पहिल्या पानापासून सुरू कराल. त्या दिवसासाठी माझी विनंती आहे. पीटरला कुठल्याही घरात वाढवा, कुणाच्याही हाताखाली शिकवा, शहरही बदला. फक्त एकदा त्याच्यासमोरून एक चोर पळत जाऊ द्या, आणि त्याला बाजूला होऊ द्या.

कळावे,

आपली,
एक मराठी प्रेक्षक